‘अवघ्या’ पाच मिनिटांवर

‘स्थानकापासून अवघ्या पाच मिनिटांच्या अंतरावर.’ हे वाक्य माझं आहे. एका शहराच्या, कुणालाही लिहिता-बदलता येणाऱ्या ऑनलाइन मार्गदर्शिकेत, सार्वजनिक वाचनालयाच्या नोंदीत, ते मी काही वर्षांपूर्वी लिहिलं आणि विसरून गेले. मग एकदा आईला घेऊन त्याच वाचनालयात जायची वेळ आली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, हातात काठी होती. स्थानकाचा जिना उतरण्यातच पाच मिनिटं गेली. पुढे रस्ता ओलांडायचा, तिथे सिग्नल नाही. त्यानंतर चढ. आई मध्येच एका कट्ट्यावर टेकली, मीच फोनवर उघडून दिलेली नोंद तिने पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाली, ‘‘हे कुणी लिहिलंय गं?’’

‘‘असेल कुणीतरी,’’ मी म्हटलं.

पोचायला २२ मिनिटं लागली.

रात्री बसून नोंद दुरुस्त करायला घेतली तेव्हा लक्षात आलं, की ‘पाच मिनिटं’ एकवेळ चालून जातील. भरभर चालणाऱ्या तरण्या माणसाला तेवढीच लागत असतील, मलाही लागली होती. लबाडी होती ती ‘अवघ्या’मध्ये. पाच मिनिटं हे निदान माझं मोजमाप होतं; ‘अवघ्या’ म्हणजे वाचणाऱ्याने त्या मोजमापाबद्दल काय वाटून घ्यायचं, याचा परस्पर दिलेला हुकूम. आता तिथे असं आहे: ‘स्थानकाच्या पूर्वेकडच्या दारापासून सुमारे ४०० मीटर. शेवटचे १५० मीटर चढ. रस्ता ओलांडताना सिग्नल नाही. दाराशी चार पायऱ्या. डाव्या बाजूने उतार आहे, पण कठडा एकाच बाजूला.’ वाचायला काही खास नाही. पण आईने हे वाचलं असतं तर ती त्या दिवशी घरीच थांबली असती, किंवा आम्ही गाडी केली असती. निर्णय तिचा राहिला असता.

सगळ्यांनी मिळून लिहायच्या मार्गदर्शिकेत भाषा कशी असावी, याचे नियम बहुतेक ठिकाणी लिहून ठेवलेले असतात. विशेषणं टाळा, जाहिरात करू नका, बाजू घेऊ नका, स्वतःच्या धंद्याबद्दल स्वतः लिहू नका. नवीन माणूस ते वाचतो, मान डोलावतो आणि लगेच ‘निसर्गरम्य’ असं लिहून मोकळा होतो. मीही तेच केलं. नियम कळायला सोपे असतात. ते कशासाठी आहेत हे कळायला आईबरोबर चढ चढावा लागतो.

एकट्या लेखकाने लिहिलेल्या प्रवासपुस्तकात हा प्रश्न एवढा टोचत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारियाना स्टार्क नावाची इंग्रज लेखिका युरोपातल्या चित्रांपुढे आणि वास्तूंपुढे उद्गारचिन्हं टाकायची. जितकी चिन्हं जास्त तितकी गोष्ट बघण्यासारखी. पुढे ताऱ्यांची पद्धत रूढ झाली. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीच्या मार्गदर्शिकेने उपाहारगृहांना तारा द्यायला १९२६ मध्ये सुरुवात केली, दोन आणि तीन ताऱ्यांची पायरी १९३१ मध्ये आली, आणि तारे कोणत्या निकषांवर देतो हे १९३६ मध्ये छापलं. म्हणजे आधी निकाल, निकष नंतर! पण तिथेही एक सोय होती. देणारा हात ओळखीचा होता. स्टार्कबाईंची चार उद्गारचिन्हं दोनदा फसवी निघाली, की तिसऱ्या वेळी वाचक मनातल्या मनात एक खोडणार. आवड एका माणसाची असली की तिचं वजन करता येतं.

शंभर हातांनी लिहिलेल्या पानावर हे जमत नाही. ‘सुंदर’ कुणी म्हटलं? त्या शब्दाला धनीच नसतो. पहिल्या परिच्छेदातलं ‘सुंदर’ वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचं, दुसऱ्यातलं शेजारी राहणाऱ्या आजोबांचं, तिसऱ्यातलं तिथे सभागृह भाड्याने देणाऱ्याचं. एकापुढे एक लावली तर तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून अशा ठिकाणी तटस्थपणा लागतो. सभ्यतेचा किंवा कोरडेपणाचा तिथे संबंध नाही. अशा पानांना म्हणतात तो विकी हा शब्दच बघा. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये कुणालाही बदलता येतील अशी पानं सुरू केली, तेव्हा नाव घेतलं ते होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. गावात नव्याने उतरलेल्या माणसाला सामानासकट इकडून तिकडे नेणारी बस. तिच्या चालकाने वाटेत प्रत्येक इमारतीपुढे वा वा करायचं ठरवलं तर विमान चुकेल.

मला सगळ्यात जास्त भेटलेलं वाक्य हे: ‘शहराच्या मध्यभागी वसलेले हे निसर्गरम्य उद्यान आबालवृद्धांचे विरंगुळ्याचे आवडते ठिकाण आहे.’ कुठल्याही उद्यानाच्या नोंदीत ते चिकटवा, बसतं. हीच त्याची खोट. एकदा दुपारभर मी या वाक्याशी झटत बसले होते. ‘मध्यभागी’ कशाच्या? शहर पसरलं, जुना मध्य आता एका कडेला गेला. ‘वसलेले’ हा शाळेतल्या निबंधातून आलेला शब्द. गाव वसतं, उद्यान आखतात. ‘निसर्गरम्य’ची परीक्षा सोपी आहे: शब्द उलटा करून बघायचा. ‘निसर्गाचा लवलेश नसलेलं उद्यान’ असं कुणी लिहील का? ज्या शब्दाचं उलटं कुणी कधीच लिहिणार नाही, तो शब्द काही सांगत नसतो, नुसती जागा अडवून बसतो. राहिले ‘आबालवृद्ध’. हा शब्द मात्र मी खोडला नाही, सोडवला. बाल म्हणजे झोपाळे, आणि त्यातले दोन मोडके. वृद्ध म्हणजे बाकं. पाठ टेकता येईल अशी चार, बाकी नुसते दगडी ओटे. उत्तरेचं दार दुपारी बंद. स्वच्छतागृह दक्षिणेच्या दाराशी. या एका सामासिक शब्दाच्या पोटात अख्खी नोंद दडलेली होती.

विशेषणं निदान डोळ्यांना दिसतात. आपल्या भाषेतले खरे चोर म्हणजे बारके शब्द. ‘अवघ्या’ आणि ‘तब्बल’ हे सख्खे भाऊ. एक आकडा लहान करतो, दुसरा फुगवतो. ‘केवळ’, ‘चक्क’, ‘मात्र’. ‘तसा परिसर स्वच्छ आहे’ यातला ‘तसा’ किती विषारी आहे, हे मराठी माणसाला सांगायला नको. ‘इथे वाचायला पुस्तकं मिळतात’ ही माहिती. ‘इथे वाचायलाही पुस्तकं मिळतात’ हा टोमणा. आणि ‘च’! एका अक्षराने ‘हाच खरा जुना पूल’ झाला, की दुसऱ्या पुलाजवळ राहणारे सगळे चवताळून आलेच समजा. ‘म्हणे’ तर आणखी पोचलेला. ‘हा वाडा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे म्हणे.’ कोण म्हणे? लिहिणाऱ्याने बातमीही सांगितली आणि हातही वर केले. कागदी भाषेत तोच ‘असे म्हटले जाते’, ‘जाणकारांच्या मते’, ‘अनेकांचे मत आहे’ अशा इस्त्रीच्या कपड्यांत येतो. विकिपीडियाच्या लेखनविषयक सूचनांमध्ये पिसारा फुलवणाऱ्या शब्दांबद्दल आणि अशा निसटत्या शब्दांबद्दल वेगवेगळी ताकीद आहे; पण ‘च’, ‘ही’, ‘तसा’ यांच्यासाठी कुणी बाहेरचा नियम करून देणार नाही. ते आपले आपल्यालाच पकडावे लागतात.

‘आपण’चा घोळ वेगळाच. ‘आपण इथून डावीकडे वळावे’ यातला आपण म्हणजे मान देऊन म्हटलेले तुम्ही, की तुम्ही-आम्ही मिळून सगळे? दिशा सांगताना चालून जातं. पण ‘आपल्या शहराची शान’ असं लिहिलं, की काल बदलीवर आलेली मुलगी त्या वाक्याच्या दाराबाहेर उभी राहते. मार्गदर्शिका तर खरं म्हणजे तिच्यासाठीच असते. जो इथलाच आहे त्याला बस कुठून सुटते ते ठाऊक असतं.

‘आम्ही’ त्या मानाने भाबडा. तो चोरी करतो आणि स्वतःच पावती ठेवून जातो. एका शिकवणी वर्गाची नोंद होती. पहिली तीन वाक्यं कशी अगदी संयमित, तृतीयपुरुषी, आणि चौथं: ‘प्रवेशासाठी आमच्या कार्यालयात भेट द्या.’ मी हसले, पण पान उडवलं नाही. धंदा करणाऱ्याला आपल्या वेळा, पत्ता, सुट्टीचा वार इतर कुणाहीपेक्षा नीट ठाऊक असतो. तो माहितीचा चांगला स्रोत आणि वाईट लेखक असतो. तथ्यं त्याच्याकडून घ्यावीत, वाक्यं नाहीत. ‘तज्ज्ञ मार्गदर्शन’ काढलं, वर्ग कोणत्या इयत्तांचे आणि कोणत्या भाषेत चालतात ते ठेवलं. दुसऱ्या दिवशी ‘तज्ज्ञ’ परत आले. मी पुन्हा काढलं. असं तीन वेळा झाल्यावर मी थांबले, कारण तोवर मलाही वर्गाच्या दर्जाशी काही देणंघेणं उरलं नव्हतं, जिंकायचं होतं. विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवू नयेत असा नियम आहे. तो समोरच्यासाठी असतो असा माझा तोवर समज होता.

मात्र मला खरी धास्ती धंदेवाल्यांची नाही. ते ओळखू येतात. धास्ती आहे ती प्रेम करणाऱ्यांची, म्हणजे माझ्यासारख्यांची. जाहिरात करणाऱ्याला तो जाहिरात करतोय हे माहीत असतं. शहरावर जीव असलेल्या माणसाला आपण खरं तेच सांगतोय असं मनापासून वाटत असतं. लहानपणी ज्या घाटावर पोहायला शिकलो, त्याचं पाणी आता अंघोळीच्या लायकीचं नाही हे लिहायला हात उचलत नाही. मग आपण लिहितो, ‘एकेकाळी नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध’. वाक्य खरं असतं. नवखा माणूस ते वाचतो, कपडे काढतो आणि उतरतो.

तर मग सगळं ज्ञानकोशासारखं लिहायचं का? यावर माझं मत इतक्या वर्षांत दोनदा बदललं. ज्ञानकोशाचा तटस्थपणा स्रोतांवर उभा असतो: कुणी काय म्हटलं ते त्याच्या वजनाप्रमाणे मांडायचं, स्वतःचं काही घालायचं नाही. मार्गदर्शिकेत ते अर्धंच चालतं. रॅम्पला कठडा एका बाजूला आहे, हे कुठल्या ग्रंथात छापून येणार? ते कुणीतरी जाऊन, बघून, येऊन लिहायचं असतं. विकिव्हॉयेज हा प्रवासाचा मुक्त प्रकल्प २०१३ च्या जानेवारीत विकिमीडियाच्या छत्राखाली आला, त्याच्या धोरणात हा फरक साफ मान्य केलेला आहे. तिथे ‘तटस्थ रहा’ऐवजी ‘न्याय्य रहा’ असं सांगितलेलं आहे. प्रवाशाचं हित आधी. स्वतः पाहिलेलं लिहायला हरकत नाही, वाक्यात जीव असायला हरकत नाही; पण जे लिहाल ते दुसऱ्या वाटसरूला तिथे गेल्यावर पटायला हवं. आणि एखादं ठिकाण वाईटच असेल तर त्याला शिव्या घालत बसण्यापेक्षा ते यादीतूनच वगळा, जोवर ते इतकं नावाजलेलं नाही की लोक शोधत येतीलच.

हा शेवटचा सल्ला मला आधी भित्रा वाटला होता. आता शहाणा वाटतो, निदान निम्मा. राग आलेला माणूस रात्री साडेअकराला जे लिहितो, त्यात त्याचा दिवस जास्त आणि ते ठिकाण कमी असतं. पण वगळण्यालाही पक्षपात असतो, आणि तो जास्त बेमालूम असतो. कुणी काही खोडत नाही, कुणी काही फुगवत नाही. फक्त नदीच्या अलीकडच्या बाजूला ६० नोंदी आणि पलीकडे चार. पलीकडे माणसं राहत नाहीत का? राहतात, लिहिणारी अलीकडे राहतात. अशा नकाशावरचं प्रत्येक वाक्य तटस्थ असू शकतं आणि नकाशा तरीही एकतर्फी.

काळ सांगणाऱ्या शब्दांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे वादच नाही. ‘नुकतेच’, ‘सध्या’, ‘लवकरच’ लिहू नये. साल लिहावं. एका पादचारी पुलाचं काम ‘लवकरच पूर्ण होईल’ ही ओळ मी पाहिली, तेव्हा त्या पुलाचा गंज खरवडायचं काम चालू होतं.

खुणांचं मात्र तसं नाही. पत्ता विचारला की आपण रस्त्याचं नाव सांगत नाही, खूण सांगतो. आणि बऱ्याचदा ती खूण पडून दहा वर्षं झालेली असतात. ‘जुन्या टॉकीजपाशी.’ टॉकीज नाही, तिथे बारा मजली इमारत आहे, पण बसमधले सगळे अजून टॉकीजपाशीच उतरतात. नव्या माणसाला हे सांगायचं की नाही? मी म्हणते सांगायचं, कारण बसमध्ये त्याच्या कानावर तेच पडणार आहे. नावांचंही तेच. चौकाचं नाव बदलतं. पाटीवर एक, लोकांच्या तोंडी दुसरं, आणि दोन्ही बाजूंना नाव हे नुसतं नाव नसतं. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ पासून चालू असलेल्या मुक्त नकाशाने यावर कामचलाऊ पण टिकाऊ तोडगा काढलाय. वाद असेल तर प्रत्यक्ष जागेवर काय दिसतं आणि चालतं ते मुख्य नाव. जुन्या नावाला, स्थानिक बोलीतल्या नावाला, पर्यायी नावाला नोंदीत वेगवेगळे रकाने. म्हणजे कुणाचं नाव पुसायचं नाही, फक्त रकाना ठरवायचा. भांडण मिटत नाही, पण हरवलेला माणूस पोचतो.

आता ती नोंद, जिच्याबद्दल लिहायचं मी या लेखात सुरुवातीपासून पुढे ढकलतेय.

रेल्वेमार्गाखालून जाणारा एक बोगदा आहे, आणि त्याच्या पलीकडे एक वस्ती. वस्तीबद्दल मार्गदर्शिकेत काहीच नव्हतं. मी पान सुरू केलं, बसचे क्रमांक, दवाखाना, शाळा असं नीट लिहिलं, आणि शेवटी एक ओळ घातली: ‘रात्री या भागात जपून जावे.’ हेतू चांगला होता. वाचणारी बाहेरून येणार, एकटी असेल, तिला सावध केलेलं बरं. विशेषण नाही, च नाही, म्हणे नाही. माझ्या स्वतःच्या कसोट्यांवर वाक्य पास होतं.

काही महिन्यांनी त्या पानाच्या चर्चेत एक ओळ आली. ‘आम्ही रोज रात्री इथूनच घरी जातो. नक्की कशापासून जपायचं ते लिहा, म्हणजे आम्हीपण जपू.’

मी उत्तर लिहायला बसले. काय लिहिणार? मी तिथे रात्री कधी गेलेच नव्हते. दिवसाही दोनदा. मग हे मला कुठून माहीत होतं? लहानपणापासून माहीत होतं, एवढंच. घरात म्हणायचे, शाळेत म्हणायचे, कामावर येताजाता म्हणायचे. माझं वाक्य म्हणजे तोच ‘म्हणे’ होता, फक्त मी तो शब्द खोडून टाकला होता. आणि ‘जपून’ या शब्दात माणसं कोंबलेली होती. दिव्यांबद्दल, रस्त्याबद्दल, वाहनांबद्दल त्यात काही नव्हतं. ‘शांत, सुसंस्कृत परिसर’ असं शहराच्या दुसऱ्या टोकाबद्दल कुणी लिहिलं होतं ते मी कौतुकाने खोडलं होतं, की हे काय, संस्कृती कशी मोजणार. त्याच हाताने हे लिहिलं होतं. ही दोन वाक्यं एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

माफी मागितली. मग विचारलं, रात्री घरी जाताना तुम्ही स्वतः काय पाळता? उत्तर लगेच आलं, आणि इतकं मुद्देसूद, की मला लाज वाटली. बोगद्यातले चारही दिवे बंद असतात. मधल्या भागात डाव्या बाजूला पाणी साचतं, उजव्या फुटपाथने जावं. शेवटची बस दहानंतर नसते. दवाखान्याशेजारचं औषधांचं दुकान बारापर्यंत उघडं असतं, काही लागलं तर तिथे माणूस असतो.

मी माझी ओळ काढली आणि ही चार वाक्यं, जवळपास त्यांच्याच शब्दांत, घातली. आधीच्या ओळीपेक्षा जास्त सावध करणारी होती ती, आणि त्यात कुणाचीही बदनामी नव्हती. एकटीने येणाऱ्या त्या काल्पनिक मुलीलाही, जिच्या नावावर मी माझी भीती खपवली होती, यातून अधिक मिळालं असतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्या नोंदीत पुन्हा बदल झालेला दिसला. कुणीतरी दिव्यांचं वाक्य काढून टाकलं होतं आणि कारणाच्या जागी दोनच शब्द लिहिले होते: ‘दिवे लागले.’ या खेपेला मी रात्री साडेनऊला जाऊन बघून आले. चारपैकी तीन लागले होते. तेवढं दुरुस्त केलं.